तिसगाव स्टँडवरून परत

माणसं भेटली की एवढं काय बोलतात, हे मला अजून कळलेलं नाही. "काय चाललंय?" "चाललंय." "काय म्हणताय?" "काही नाही." एवढ्यासाठी लोक मोटारसायकल थांबवून, एक पाय खाली टेकवून पंधरा पंधरा मिनिटं उभे राहतात. मला ते जमत नाही. खोटं कशाला सांगू, मला त्याचा रागच येतो. श्रीगोंद्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो. तिथेही चहाच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. फेसबुकवर मात्र मी निराळाच माणूस. तिथे लांबलचक लिहितो, आणि ओळख ना पाळख अशी माणसं खाली लिहितात, "सर, मनातलं बोललात." बायको म्हणते, कधी घरातही बोलत जा मनातलं.

ज्याच्यासोबत न बोलता तासन् तास बसता यायचं असा एकच माणूस मला मिळाला, तिसगावचा माझा शाळेतला मित्र. माझे आईवडील ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मी त्याच्या घरी राहायचो. अशी चार वर्षं काढली. त्याची आई आम्हा दोघांना एकाच परातीत वाढायची आणि चिडली तर दोघांनाही सारखंच झोडपायची. मला कुणी घुम्या म्हणून हसलं तर तिला खपायचं नाही. "त्याला नगा छेडू. बोलंल त्याचं त्यो," म्हणायची.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना ती गेली. मित्राचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. मी "हं" म्हणालो. मातीला पोहोचणं शक्य नव्हतं, म्हणून तिसऱ्या दिवशी बसायला निघालो. आमच्याकडे दुःखाच्या घरी नुसतं जाऊन बसतात. अंगणात ताडपत्री टाकलेली असते. आपण "कसं झालं?" विचारायचं, घरच्यानं पहिल्यापासून सगळं सांगायचं, मग थोडा वेळ गप्प, मग कांद्याचा भाव. त्यात अवघड काहीच नाही. अडाण्यातला अडाणी माणूसही ते करतो.

तिसगावच्या स्टँडवर उतरलो. तिथून त्याचं घर पाच मिनिटांवर. टपरीवर चहा घेतला आणि काय बोलायचं ते जुळवू लागलो. "कसं झालं" विचारायची लाज वाटत होती, आणि मनात होतं ते चारचौघांत तोंडातून निघणारं नव्हतं. दुसरा चहा घेतला. टपरीवाला निरखून बघत म्हणाला, "तुमी शाळंला हितंच हुता ना?" मी मान हलवली आणि दुसरीकडे बघू लागलो. समोर नगरची गाडी लागलेली होती. तिच्यात चढून बसलो.

करंजीच्या घाटात मोबाईल काढला आणि फेसबुकवर लिहायला लागलो. ती परात लिहिली, तिचं चिडणं लिहिलं, सगळं लिहिलं. हुंदका आला, तरी बोटं थांबली नाहीत. शेवटी लिहिलं, "नोकरीनं अडवलं, नाहीतर आज तुझ्या अंगणात बसलो असतो." नगर येईस्तोवर खाली लोक रडायला लागले होते.

तिसऱ्याला गेलो नाही, आता दहाव्याला कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणून दशक्रियेलाही गेलो नाही. नंतर तिथल्या शाळेतल्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांनी मी लिहिलेलं दशक्रियेला माईकवरून वाचून दाखवलं होतं. "सगळी रडली हो. मी म्हनलं, लिहिनारे आले असतील तर पुढं या. तुमचा मित्र उठून मागं बघाया लागला." गुरुजी कौतुकानं सांगत होते.

महिन्यानं गेलो. तो गोठ्यात होता. हात धुऊन आला, सतरंजी टाकली, पाणी दिलं. वाटभर घोकलेलं मी एका दमात म्हणून टाकलं, "सुट्टीच मिळाली नाही रे."

"दहाव्याला टपरीवाला माझ्या शेजारीच बसला हुता," तो म्हणाला. "तुझं वाचून झालं तवा म्हनला, ह्यो तर आल्ता की. दोन चहा घेऊन गेला."

आवाजात राग नव्हता. तो माझ्याकडे बघत थांबला, मी काहीतरी म्हणावं म्हणून खरंच थांबला. त्या वेळी "भ्यालो रे" एवढं जरी म्हणालो असतो! मी सतरंजीची दशी ओढत बसलो.

मग त्यानं श्वास सोडला आणि दारी आलेल्या कुणालाही विचारावं तसं विचारलं, "मग, श्रीगोंद्याकडं ऊस कसा हाय औंदा?"

"बरा आहे."

"कारखाना कवा सुरू व्हायचा?"

चहा येईपर्यंत तो विचारत राहिला, मी सांगत राहिलो. निघताना फाटकापर्यंत सोडायला आला.

आता आम्ही भेटलो की चांगलं बोलतो. रस्त्याचं काम, दुधाचा भाव, त्याच्या पोरीची परीक्षा. त्यानंतर एकदाही आम्ही गप्प बसलेलो नाही.