गालात अडकलेलं औषध

आमच्या ठमीसारखी नर्स शोधून सापडायची नाही. भाऊ आहे म्हणून म्हणत नाही. भाऊ नसतो तरी हेच म्हटलं असतं, फक्त जरा हळू आवाजात.

ठमी दम्याच्या दवाखान्यात कामाला. डॉक्टर आत बसायचे, पण खरी शाळा बाहेरच्या बाकावर. आत सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. बाहेर मात्र बँडमास्तर होते. जन्मभर ट्रम्पेट वाजवलेला माणूस, त्यात स्वतः दम्याचा पेशंट. नवीन कुणी आलं की पंप कसा घ्यायचा ते मास्तरच शिकवणार, तेही न विचारता.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. दोन शब्द बोलायच्या नि थांबायच्या.

डॉक्टर म्हणाले, "पंपानं भागत नाहीये. ॲडमिटच व्हा."

मावशींचा चेहरा पडला. मशीन थांबलं की घर थांबलं.

"डॉक्टर, जरा थांबा," ठमी म्हणाली. "मावशी, पंप घेऊन दाखवा बघू."

मावशींनी पंप दाबला आणि गाल टम्म फुगवले. औषधाचा मुक्काम तोंडातच!

"हे कुणी शिकवलं?"

"मास्तरांनी. बाकावर सगळे... असंच घेतात."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मीही कधी घ्यायला लावून बघितलं नाही."

ठमी बाहेर गेली. चारचौघांत झापलं असतं तर मास्तर रुसले असते, अन् बाकही मुका झाला असता. पण पोरगी कुणाची बहीण! शेजारी टेकली नि म्हणाली, "मास्तर, लांब सूर लावायचा तर हवा कुठं भरता?"

"खाली, पार पोटापर्यंत! गालात भरतो तो कच्चा."

"मग औषध गालात कशाला?"

मास्तर खाकरले. "जन्मभर फुंकलं गं. ओढायचं कुणी शिकवलंच नाही."

"आता शिका, आणि लगेच शिकवा. मावशींपासून सुरुवात."

ठमीनं मावशींना बाहेर बोलावून दाखवलं, तसे मास्तर उठले, हात उंचावला. "मावशी, आधी हवा सोडा. आता दाबा, ओढा, सावकाश... सूर लांबवा... धरा आत!" अख्खा बाक श्वास धरून बसला. 'सूर लांबवा' ठमीनं तिथल्या तिथं उचललं. हल्ली आत डॉक्टरही तेच म्हणतात.

ॲडमिट करणं डॉक्टरांनी आठवडाभर पुढं ढकललं.

आठवड्यानं मावशी जिना चढून आल्या नि एका दमात म्हणाल्या, "ॲडमिट-बिडमिट काही नको, आणि तुमच्या बाकाची गादी किती फाटलीय हो डॉक्टर, द्या इकडं, शिवून आणते."