लशीसाठी लावून घेतलेली शुगर

साठीच्या आतल्या आजारी माणसांना कोरोनाची लस आधी मिळणार, असं भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, मी थांबते." नवरा गेल्यापासून एचआयव्हीच्या गोळ्या मी तेव्हा बारा वर्षं घेत होते. घरी मात्र दर महिन्याची खेप डोळ्यांच्या औषधावर ढकललेली.

"काविळीच्या लशीचे तिन्ही डोस घेतले, न्यूमोनियाची घेतली, मग हीच कशी जड झाली?" त्यांनी विचारलं. हिच्यात जिवंत जंतू नाहीत, गोळ्या चालू ठेवून घ्यायची, एवढं सांगून त्यांनी आजारांच्या यादीत एका ओळीपुढे खूण केली आणि कागद हातात दिला.

भीती सुईची नव्हतीच. आधीच्या लशी भंडाऱ्यात गुपचूप झाल्या. ही गावच्या शाळेत, सगळ्यांसमोर. मी अठ्ठेचाळीसची. हिलाच आधी काहून, हे कुणीही विचारलं असतं. माझ्या माहेरी या आजाराच्या एका माणसाचा कप अंगणातल्या खिळ्याला वेगळा टांगलेला मी पाहिला होता. तो कप काही केल्या डोक्यातून जात नव्हता.

घरात मी आणि मोठी जाऊ, दोघी विधवा, एका चुलीवर. तिची साठी उलटलेली, पण सुई घेतली की माणूस जातो, या गावच्या बोलण्यावर तिचा पक्का विश्वास. तिला मी सांगितलं, "बाई, मले शुगर निघाली. म्हणून लस आधी देऊन राहिले."

शाळेतल्या नर्सबाईंनी कागद वाचला, घडी करून परत दिला, सुई टोचली. दोन दिवस अंग दुखलं. मी मरत नाही हे पंधरा दिवस नीट पाहून जाऊही लस घेऊन आली.

पण माझी साखर त्या दिवसापासून बंद. जाऊ रोज कारलं करायची. माझी चाय वेगळ्या गंजात, छोट्या पातेल्यात, शिजायची, आणि चुकून गोड तोंडात जाऊ नये म्हणून तिने मला निळ्या दांडीचा एक कप ठरवून दिला. ज्या कपाला मी भ्यायले तो असा चालत घरात आला. मला स्वतःचंच हसू यायचं आणि रागही.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला खीर झाली. जाऊने माझ्यापुढे बिनसाखरेची वाटी ठेवली आणि माझा बांध फुटला.

"बाई, मले शुगर नाही. मले दुसरंच हाये."

"ते माहीत हाये," ती म्हणाली. "दीर गेले तवाच समजलं होतं मले. तू सांगत नव्हती, म्हणून मी विचारलं नाही."

बारा वर्षं. लशीच्या आधी बारा वर्षं ती माझ्या ताटात जेवली होती, माझी उष्टी चाय प्यायली होती.

"मंग एक साल फिकी चाय कायले पाजली?"

"तूच म्हणाली शुगर हाये. मले वाटलं, तेही लागलं असन."

मग तिने माझी वाटी उचलली, ती फिकी खीर स्वतः खाल्ली आणि आपली गोड वाटी माझ्याकडे सरकवली.