आतोबांची मुदत ठेव

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्तीच्या, माझ्या आत्याच्या, नवऱ्याइतका पैशाच्या बाबतीत संशयी माणूस निपाणीपासून खानापूरपर्यंत दुसरा झाला नसेल. चोरांवर त्यांचा संशय नव्हता. संशय खुद्द पैशावर होता. चार पैसे एका जागी जमले की ते संगनमत करून पळून जातात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून हायस्कुलात गणित शिकवून मिळवलेल्या पगाराच्या त्यांनी आयुष्यभर वाटण्या केल्या. थोडे बँकेत, थोडे पोस्टात, थोड्याचं सोनं, थोड्याची जांबोटीकडं जमीन, आणि नोकरी संपत आल्यावर थोडे म्युच्युअल फंडात. खासबागच्या बाजारात भाजीला निघाले तरी एक नोट सदऱ्याच्या खिशात आणि दुसरी बनियनच्या चोरखिशात. त्या आतल्या नोटेपर्यंत पोचायला बटणं काढावी लागत. तोवर आत्ती, हा गृहस्थ आपला कोणी लागत नाही असा चेहरा करून, दोडक्यांकडे बघत उभी राहायची.

माझ्या लग्नात आतोबा आहेर द्यायला स्टेजवर आले आणि फोटोग्राफर खोळंबलेला असताना माझ्या कानाशी लागले. "लगीन केलास, बरं केलास. फंडात म्हैन्याला काय टाकतोस?"

"अजून काय न्हाय."

त्या फोटोत मी, नवरी आणि आतोबा, तिघंही दुखवट्याला आल्यासारखे दिसतो.

मुदतीआधी ठेव मोडणं हे त्यांच्या लेखी महापाप. ठेव मोडून मोटारसायकल घेणाऱ्या एका भाच्याशी ते वर्षभर बोलले नव्हते.

गेल्या वर्षी आत्तीच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन त्याच आठवड्यात करायला हवं होतं. पुण्याहून त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "अण्णा, पैसे मी पाठवतो." आतोबा म्हणाले, "तुझं तुझ्या पोरांस्नी ठेव." मग दोन दिवस मी त्यांना स्कूटरवरून फिरवत होतो. फंड तोट्यात होता, तो विकला. सोनं भाव न विचारता दिलं. पोस्टातलं काढलं. शेवटी बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी. ती हळूच म्हणाली, "सर, मुदत संपायला आठच दिवस राहिलेत. आता मोडली तर व्याज जाईल."

आतोबांनी मान वर केली नाही. "आठ दिसांनी ते व्याज कुणाला दाखवू, बाळ?"

सही मात्र तीनदा करावी लागली. पहिल्या दोन जुन्या सहीशी जुळल्या नाहीत.

आत्ती बरी होऊन घरी आली आणि तिला ठेवीचं कळलं. "आठ दिवस दम निघाला न्हाय व्हय तुमास्नी?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे गाऱ्हाणं सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा लई खुलायचा.

सगळं विकलं गेलं. राहिली ती जांबोटीकडची चार गुंठे जमीन, कारण ती कोणी घेईना. आता महिन्यातून एकदा दोघं एसटीनं तिथं जातात. थांब्यापासून जमिनीपर्यंतची वाट चढाची आहे, ती आत्तीला झेपत नाही. ती थांब्यावरच बसते. आतोबा एकटेच वर जातात आणि लगबगीनं परत येतात.

"हाय का जाग्यावर?" ती विचारते.

"हाय."

मग ते तिच्या शेजारी बसतात. परतीची गाडी दोन तासांनी असते. कधी ती त्याहून उशिरा येते, आणि त्याबद्दल दोघांनी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.