टोपड्याची शेवटची गाठ

निलंग्यात पिठाची गिरणी चालवणारी अयोध्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून माहेरी आली आणि बंद पडलेली गिरणी तिनं सुरू केली. "खाईन ते माझ्या कमाईचं," असं धाकट्या भावाला, हनुमंतला, पहिल्याच दिवशी ऐकवलं. मूलबाळ नव्हतं. त्यावर ती बोलत नसे, आणि दुसऱ्यानं बोललेलं तिला खपत नसे.

हनुमंतची बायको सुकन्या पहिल्या बाळंतपणाला लातूरला माहेरी गेली, तेव्हा अयोध्येच्या डोक्यात एकच बसलं. बारशाला टोपडं आपल्या हातचं न्यायचं आणि बाळाच्या कानात नाव आपणच सांगायचं. नाहीतर आत्या असते कशाला?

पण विणकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या उमाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, यांनी दोन्ही पुढ्यात ठेवलं. दोन सुया, नाहीतर क्रोशाचा एक आकडा. अयोध्येनं सुयाच उचलल्या. दोन सुयांचं काम भारी दिसतं, असं तिचं मत. पण गिरणीत बसून ते जमावं कसं? चार टाके पडले की कुणीतरी ज्वारीचा डबा घेऊन हजर. ती उठली की सुईवरचे टाके घसरायचे. विणलं त्याहून उसवलंच जास्त.

"अगं, आकडा धर," उमाबाई म्हणाल्या. "यात एका वेळी एकच टाका उघडा असतो. तो लांब ओढून ठेव, दळण टाक, परत ये. शेवटी गाठ तेवढी विसरू नको. धागा ओढला तर सगळं भसाभसा उसवतं."

हे तिला पटलं. हळूहळू साखळी जमली, मग खांबाचे टाके जमले. पिवळी लोकर पिठानं पांढरी व्हायची. ती झटकायची आणि पुढं विणायची. सुकन्येला मुलगा झाला तोवर टोपडं शेवटच्या ओळीवर आलं होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी हनुमंत गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. पट्टा चालू असतानाच बोलला. तिला ऐकू जाऊ नये, अशीच त्याची इच्छा असावी.

"आक्का, कानात नाव पुनम सांगणार हाय म्हणं. सासूबाई म्हणायल्यात, लेकुरवाळी आत्या असली तर बरं."

पुनम त्यांची चुलत बहीण, दोन लेकरांची आई. अयोध्येनं गिरणी बंद केली.

"अन् तू काय म्हणलास?"

हनुमंत काहीच म्हणाला नव्हता. सासूबाईंपेक्षा तिला त्याचाच राग जास्त आला. तिनं शेवटची ओळ पुरी केली आणि गाठ मारलीच नाही. धागा लांब तोडून कानाच्या बाजूला खोचला. नाव सांगू दिलं तर गाठ मारायची. नाही तर धागा ओढायचा, लोकर पिशवीत कोंबायची आणि निलंग्याची गाडी पकडायची. टोपडं पाहिजे अन् आत्या नको, ही कुठली रीत?

लातूरला सुकन्येच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, टोपडं वाखाणलं, बाळाला घातलं आणि पुनमला पाळण्याशी बोलावलं. मोबाइल वर झाले. अयोध्या पुढं झाली आणि तिनं धागा ओढला.

एक ओळ सर्रकन उसवली. बाळाचा कान उघडा पडला. एवढासा, लालबुंद कान. तिचा हात तिथंच थांबला. त्या लेकरानं आपलं काय बिघडवलंय, असं तिला वाटलं आणि लाज वाटली.

"अगं बाई, उसवलं की!" लक्ष्मीबाई ओरडल्या.

"गाठ राहिली व्हती," अयोध्या म्हणाली. तिनं पिशवीतून आकडा काढला. "डोक्यावरच करते. काढलं तर उठंल."

ती पाळण्यात वाकली. पाठ बायकांकडं, तोंड बाळाच्या कानाशी. उसवलेली ओळ तिनं सावकाश भरली आणि गाठ मारली. मग बाजूला झाली. पुनमनं रीतीप्रमाणं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या.

परतीच्या गाडीत हनुमंतनं दोघांची तिकिटं काढली आणि तिच्याकडं वळला.

"आक्का, वाकून काय सांगितलंस त्याला?"

"तुमी ठरवलं तेच नाव. पोराचा घोटाळा कशाला करू?" ती म्हणाली. "फक्त पुनमच्या आधी सांगितलं."