आखाजीतला वड

साक्रीचे कंपाउंडर भटू नाना यांनी कुंडीतला बोन्साय वड अकरा वर्षं वाढवला होता. दर पावसाळ्यात बोटभर माती काढून ते मुळं उघडी करत आणि उन्हाळ्यात त्यांना ओलं गोणपाट गुंडाळत. १९९१ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीने, मंदाने साफसफाईत ते गोणपाट धुऊन वाळत घातलं. नाना दुपारी घरी आले, तेव्हा मुळं चटका बसावा इतकी तापली होती.

चौथ्या दिवशी सगळी पानं गळाली. मूळ नखाने खरवडल्यावर आत हिरवं दिसलं, तरच झाड जिवंत.

“नाना, नख लावीसन देखा ना,” मंदा रडवेली होऊन म्हणाली.

तीस वर्षं लोकांना सुया टोचणाऱ्या नानांचा हात पुढे होईना.

“तू सासरले जाय,” ते म्हणाले. “मंग देखसू.”