बूटकाकांची राहिलेली कामं

बूटकाका बसलेल्या माणसाच्या पायाचं माप कधी घेत नसत. "हुबं ऱ्हावा. बसलं की पाय खोटं बोलतोय," असं म्हणत आणि स्वतः जमिनीवर बसून कागदावर पावलाभोवती पेन्सिल फिरवत. कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव मात्र चिनी अक्षरांत.

लहानपणी वडिलांचं बोट धरून ते चीनहून कलकत्त्याला आले आणि तरुणपणी एकटेच सोलापुरात. आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान. माझे वडील शाळामास्तर, रोज संध्याकाळी तिथं गप्पा मारत बसायचे. चीनशी युद्ध पेटलं तेव्हा पोलीस काकांना न्यायला आले. "याला कोणी ओळखतं का?" असं त्यांनी गल्लीत विचारलं. वडिलांनी दार लावून घेतलं.

तीन वर्षं काका राजस्थानातल्या छावणीत, तारेच्या कुंपणाआड होते. परतल्यावर कुणीतरी टोमणा मारला, "काय काका, चीन बघून आलात व्हय?"

"न्हाय की, राजस्थान. तिकीटबी सरकारनंच काढलं."

गल्ली हसली. वडील खिडकीतून बाजूला झाले.

काकांनी लगेच नवं काम घेतलं नाही. आधी अर्धवट राहिलेले जोड पुरे करून घरोघर पोचवले. त्यांत वडिलांचेही बूट होते, जुन्या मापाचे. मधल्या काळात वडिलांचं पाऊल पसरलं होतं. "छान झालेत," म्हणाले आणि महिनाभर लंगडत शाळेत गेले. तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

शेवटी काकांनीच त्यांना रस्त्यात अडवलं. "गुरुजी, बूट चावत्यात म्हणून सांगता येत न्हाय व्हय? गप बसायची सवयच लागली तुमास्नी."

त्या दिवशी वडील जेवले नाहीत, असं आई सांगायची.

गेल्या महिन्यात काका गेले. मातीला आम्ही आठ-दहा जण होतो. वडिलांच्या पश्चात एकदा मी काकांना विचारलं होतं, "वडिलांनी कधी तुमची माफी मागितली?"

हातातल्या चामड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "न्हाय, पोरी. खोटं कशाला बोलू, तितं छावणीत मला तुमचं दारच दिसायचं. पण सुटल्यावर दर म्हैन्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागायची. त्या बुटाच्या बोलण्यानंतर गुरुजी दर खेपेला संगं आले. पहिल्यांदा साहेबानं विचारलं, तुमी ह्याचे कोण?"

"मग?"

"शेजारी, म्हणाले. साहेबाला ऐकू गेलं हुतं की. तरीबी परत म्हणाले. मोठ्यानं."