आघाडा वाळायला लागलेले दहा दिवस

“कागद बदलला का?”

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात मामा कुणाला नमस्कार करत नसत. समोर विद्यार्थी येवो, सर येवोत, नाहीतर वरून तपासणीला आलेली समिती येवो, मामा मान वर करून आधी हेच विचारायचे. समितीतल्या एका बाईंनी तर दचकून हातातली फाईल उघडून बघितली होती.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते नक्की म्हणतील, “माझं कशाला छापलं? झाडाचं छापायचं व्हतं.” आणि तुम्ही कॉलेजात गेला असाल तर असा एक माणूस तुम्हीही पाहिलाच असणार. प्राचार्य बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, पण कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला असते. त्याचंच नाव इथे घाला.

कागदाची भानगड आधी सांगते. झाडाचा नमुना जपायचा तर तो वर्तमानपत्राच्या कागदांत पसरून ठेवतात, वरखाली लाकडी पट्ट्यांच्या चौकटी लावतात आणि चामडी पट्ट्यांनी करकचून आवळतात. याला आम्ही प्रेस म्हणतो. कागद झाडातलं पाणी पितो. तो रोज बदलला नाही तर झाडाला बुरशी येते. म्हणून रोज दुपारी तीन वाजता मामा सगळ्या प्रेस उघडून कागद बदलायचे. चकचकीत छपाईचं पान त्यांना चालायचं नाही. “ह्याला तहानच नाय,” म्हणून ते बाजूला टाकायचे. बदलता बदलता जुन्या बातम्या मोठ्यानं वाचायचे. मागच्या वर्षीचा टोमॅटोचा भाव वाचून त्यांना दरवेळी नव्यानं राग यायचा.

मी पिंपळगाव बसवंतची. घरी द्राक्षाची बाग. बी.एस्सी. गावाकडेच केली, चांगले गुण मिळाले, आणि सगळे म्हणाले म्हणून एम.एस्सी.ला नाशिकला आले. गंगापूर रोडला एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. क्रेडिट किती घ्यायचे, ऐच्छिक विषय कोणता, पोर्टलवर कोणता आकडा भरायचा, कशाचाच पत्ता नव्हता. वेळापत्रक सकाळी फळ्यावर एक असायचं आणि दुपारी मोबाईलच्या ग्रुपवर दुसरंच यायचं. तास सगळे इंग्रजीत. मी दोन दिवस सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात बसले. काही समजत नव्हतं, म्हणजे वर्ग आपलाच असणार, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मामांनी मला जिन्यात धरलं. माझ्या हातात वेळापत्रकाचे तीन कागद होते.

“काय शोधून राह्यली?”

“वर्ग, मामा.”

“कोणता?”

मला तेही सांगता येईना. मामांनी माझ्या हातातले तिन्ही कागद घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “चांगला कागद हाय. पाणी पिईल.” आणि ते घेऊन गेले. मी त्यांच्या मागे गेले म्हणून मला आमचा विभाग सापडला.

पहिल्या सत्रात प्रत्येकानं आपापल्या गावचे पाच नमुने आणायचे, असा आमच्याकडे रिवाज. मला हायसं वाटलं. निदान हे तरी येतं आपल्याला! रविवारी गावी गेले आणि बांधावरचा आघाडा, कुर्डू, एकदांडी असं पाच प्रकारचं तण घेऊन आले. सोमवारी मोठ्या ऐटीत मामांच्या टेबलावर मांडलं.

मामा टेबलावर वाकले.

“मूळ कुठं हाय?”

“कापलं. माती होती त्याला.”

“आन किडलेली पानं?”

“काढली.”

“का?”

“चांगली दिसत नव्हती.”

“झाडाला काय लग्नाला न्यायचंय?”

त्यांनी एकेक काडी उचलून पाहिली. सगळ्या एका मापाच्या, धुतलेल्या, पिवळं पान नाही, सुकलेलं फूल नाही. मग त्यांनी विचारलं, “पॅकहाऊसला कामाला व्हती का गं?”

होते. सुट्टीत दोन हंगाम मी तेच केलं होतं. द्राक्षाचा घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, आणि बारीक कात्रीनं फुटका, बारका, डागी मणी काढून टाकायचा. परदेशी जाणाऱ्या पेटीत डाग चालत नाही. तोच हात मी आघाड्याला लावला होता.

“ही झाडं न्हाईत, माल हाय,” मामा म्हणाले. “परत आन. मुळासकट. किडकं असंल तर किडकं. जसं हाय तसं.”

पुढच्या रविवारी मी खुरपं घेऊन बांधावर बसले, तेव्हा आई हातातलं काम टाकून बघायला आली. म्हणाली, “एवढी शिकली आन तण उपटायला आली व्हय? त्याला आपण बायका लावतो.” मला हसू आलं नाही. कारण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. उन्हाळ्यात मी बी.एड.लाही अर्ज करून ठेवला होता, त्याच्या शेवटच्या यादीत माझं नाव लागलं होतं. कॉलेज घरापासून चार किलोमीटरवर, माझी शाळेतली मैत्रीण तिथेच. मूळ दाखला घेऊन येता शुक्रवार सोडून त्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं होतं. आणि माझा दाखला नाशिकला जमा होता.

आईनं विचारलं, “तुझ्या मनात काय हाय?”

माझ्या मनात काय आहे हे मला कळत असतं तर आणखी काय हवं होतं! एवढंच कळत होतं की तिकडे वर्ग सापडतो आणि मराठीत बोललेलं समजतं.

सोमवारी मी ओली झाडं प्रेसमध्ये घातली, मुळासकट, मातीसकट. मामांनी पट्टे आवळून दिले. त्यानंतर मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आणला. त्यावर चार सह्या लागत. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहत सही केली. ग्रंथालयानं केली. कार्यालयानं केली. चौथी मामांची, प्रयोगशाळेची कोणतीही वस्तू हिच्याकडे नाही अशी.

मामांनी अर्ज वाचला. कारण विचारलं नाही.

“प्रेस हाय ना तुझ्या नावावर.”

“मग जमा करून घ्या.”

“कशी घेऊ? आत झाडं ओली हायत. वाळल्यावर सही.”

“मामा, शुक्रवारी शेवटची तारीख आहे. पुढच्या.”

मामांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “पुढल्या गुरवारी वाळत्याल.”

मला असा राग आला की सांगता सोय नाही. माझ्या आयुष्याचा प्रश्न, आणि हा माणूस आघाड्याला धरून बसलेला. वर म्हणाले, “तीनला येत जा. तुझे कागद मी का बदलू?”

म्हणून मी रोज तीनला जायला लागले. दुसरा उपायच नव्हता. वर्गात बसायचं मी सोडलंच होतं. मामा पट्टे सोडायचे, मी ओले कागद काढायचे, ते सुके द्यायचे. ओल्या कागदावर झाडाचा डाग पडलेला असायचा. मामा म्हणायचे, “नीट बघ, मग टाक.” बघायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून मी बघायचे. आघाड्याची फळं खाली तोंड करून देठाला चिकटलेली असतात, हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून ती माझ्या परकराला चिकटत आली होती, तरी ठाऊक नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिंतीवरच्या तक्त्यात मला एक इंग्रजी शब्द दिसला. वर्गात तो ऐकून मी घाबरले होते. शेजारच्या चित्रात आघाड्याचंच फळ होतं. एवढंच होय, मी मोठ्यानं म्हणाले. मामा बातमी वाचत होते, त्यांनी लक्ष दिलं नाही.

पण माझा गोंधळ गेला असं समजू नका. उलट वाढला. आता जायचं की राहायचं हेही कळेना.

मधेच दसरा आला. कॉलेज बंद. आदल्या दिवशी मी विचारलं, “उद्या सुट्टी ना, मामा?”

“झाडाला सुट्टी कळत नाय.”

मी चिडून खोलीवर आले आणि दसऱ्याला तीनला चिडूनच कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. मामा नव्हते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ते येणारच नाहीत. मामांचा मळा शहराला लागून, गोदावरीच्या पलीकडे. त्यात झेंडू आणि शेवंती. पहाटे बाजारात फुलं पोचवून मगच ते कॉलेजात येत, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. दसऱ्याच्या दुपारी झेंडूवाला आपली जागा सोडेल का? शेतकऱ्याच्या मुलीला हे कुणी सांगायला नको. आम्ही हंगामात घरच्या लग्नालाही अर्धेच जातो.

सव्वातीनला मामा सायकलवर आले. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, घसा बसलेला. किल्ल्या मळ्यात राहिल्या होत्या, म्हणून वॉचमनकडच्या दुसऱ्या किल्लीनं दार उघडलं.

“मामा, दुकान?”

“मालकीण बसली. लवकर कर, गर्दी हाय.”

आम्ही कागद बदलले. त्या दिवशी बातम्या वाचल्या नाहीत. जाताना त्यांनी खिशातून चार झेंडूची फुलं काढून माझ्या हातावर ठेवली आणि सायकलवर टांग मारली. मी तिथेच पायरीवर बसून रडले. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते. माझ्या बांधावरच्या तणासाठी कुणी दसऱ्याचा बाजार सोडून आलं होतं.

गुरुवारी झाडं वाळली. मामांनी आघाडा उचलून आडवा धरला, तो वाकला नाही. मुळं, माती, किडलेलं पान, सगळं जागच्या जागी होतं. मामांनी माझा अर्ज मागितला आणि सही केली. खाली तारीख घातली. अर्ज माझ्या हातात दिला, आणि दुसऱ्या हातानं कोरी चिठ्ठी पुढे केली, नमुन्यावर लावायची.

“गावाचं नाव घाल. कुणी गोळा केलं ते घाल.”

मी गाव लिहिलं, माझं नाव लिहिलं. मग दुसऱ्या झाडाची चिठ्ठी लिहिली, मग तिसऱ्याची. पाच चिठ्ठ्या होईपर्यंत कार्यालय बंद झालं होतं. शुक्रवारी सकाळी ते उघडणार होतं आणि सगळ्या सह्या माझ्याकडे होत्या. शुक्रवारी मी वर्गात जाऊन बसले. बरोबर वर्गात. तो अर्ज अजून माझ्याकडे आहे.

पुढची वर्षं भराभर गेली. एम.एस्सी. झाली, तिथेच संशोधनाला लागले, तासिकेवर शिकवायलाही लागले, आणि वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचं रजिस्टर माझ्याकडे आलं. मामा मला ‘मॅडम’ म्हणू लागले. मी खूप विरोध केला. “खुर्चीला म्हनतो, तुला नाय,” असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

मग एके दिवशी ते माझ्या टेबलासमोर कागद घेऊन उभे राहिले. निवृत्तीचा कागद होता. संग्रहाची कोणतीही वस्तू यांच्याकडे नाही, अशी माझी सही हवी होती. मी कागद पाहिला. तोंडावर हसू आणून म्हणाले, “प्रेसमध्ये तुमचा कुर्डू आहे ना, मामा? वाळल्यावर सही. दहा दिवसांनी या.”

“कुर्डू चार दिवसांत वाळतो, मॅडम.”

“मग माझा आघाडा?”

मामांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

“ऑक्टोबरच्या उन्हात आघाड्याला दहा दिवस कसे लागले?” मी विचारलं. इतकी वर्षं मी नवीन मुलांचे नमुने वाळवत होते. पाच दिवसांच्या वर आघाडा कधी थांबलेला मला आठवत नव्हता.

मामा कमरेच्या किल्ल्या चाचपत खिडकीबाहेर बघायला लागले. “तवा हवा दमट व्हती,” म्हणाले.

मी सही केली. शनिवारी त्यांनी किल्ल्या जमा केल्या, शाल-नारळ घेतला, भाषण करा म्हटलं तर मान हलवली आणि सायकलवरून गेले.

सोमवारी तीन वाजले. विभागात कुणीच काही विचारलं नाही. नवीन मुलं मोबाईलवर वेळापत्रक शोधत जिन्यात उभी होती. शनिवारच्या गडबडीत कागद बदलायचे राहिले होते, रविवारी सुट्टी. बुरशी आली असणार, असं धरूनच मी कुर्डूची प्रेस उघडली.

कागद कोरडे होते. मामा नेहमी महिना-महिना जुनी रद्दी वापरायचे. हा पेपर नवा होता, आणि वर तारीख रविवारची. रविवारी त्यांना किल्ली वॉचमननं दिली असणार, आणि रद्दीचं कपाट बंद म्हणून त्यांनी कोपऱ्यावरून पेपर विकत घेतला असणार.

मी तो पेपर काढून घडी केला आणि माझ्या त्या जुन्या अर्जाबरोबर ठेवून दिला. मग रद्दीतले सुके कागद घेतले, एकेक करून बदलले, आणि जिन्यातल्या मुलांना आत बोलावलं.